चौदावा

दाताच्या डॉक्टरणीनं त्याच्या तोंडात कापसाचे दोन बोळे कोंबले, दाढेवर काहीतरी टोचलं आणि विचारलं, "आजोबा, दुखतंय का? हो किंवा नाही, एवढंच सांगा. बोट वर केलंत तरी चालेल." आणि त्याला ते पत्र आठवलं, ज्याला त्यानं चार वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. त्या पत्राच्या शेवटीही हेच होतं. हो किंवा नाही, एवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल. वर दिव्याचा पांढरा गोळा होता, त्यात त्याचा स्वतःचा वासलेला जबडा उलटा दिसत होता. बोट वर करावं की करू नये हे त्याला ठरवता येईना. दुखत होतं का? दुखत होतं बहुतेक. पण इतकं, की त्यासाठी एखाद्या बाईला हातातलं काम थांबवायला लावावं? डॉक्टरणीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग शेजारच्या नर्सकडे बघून ती हसली. "आजोबा विचार करतायत," ती म्हणाली. "दे, अजून एक इंजेक्शन दे त्यांना. विचार बधिर होत नाही म्हणावं, दाढ तरी होऊ दे."

दाढ निघाली. डावा गाल आपला नाही, कुणीतरी चिकटवून दिलाय, असं वाटत तो बंदराच्या रस्त्यानं घरी निघाला. दुसरा रस्ता जवळचा होता, पण त्यावर ओळखीचे लोक भेटत आणि आज बोलता येणार नव्हतं. एरवीही त्याला बोलता येत होतं असं नाही. ऑफिसात त्याला स्वल्पविराम म्हणत. वाक्य सुरू करून तो मध्येच थांबतो आणि पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं असतं, म्हणून. हे नाव कुणी ठेवलं ते त्याला माहीत होतं आणि चांगलं ठेवलंय असं त्याला मनातून वाटायचं. धक्क्याला एक मोठं पांढरं प्रवासी जहाज लागलं होतं. आता अशी जहाजं पुन्हा येऊ लागली होती, महिन्याला सहा-सात. अकरा मजले, प्रत्येक मजल्यावर छोट्या छोट्या गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले रंगीत पोहण्याचे कपडे. शिडीवरून लोक उतरत होते, टोप्या सावरत, एकमेकांचे फोटो काढत. कुणी त्यांना अडवत नव्हतं, कपाळावर यंत्र धरत नव्हतं. त्याला उगाचच वाटलं, यांची मोजदाद झाली आहे का? मग त्यानं मान खाली घातली आणि चालू लागला. गाल अजून परकाच होता.

चार वर्षांपूर्वी जहाजं धक्क्याला लागत नव्हती. साथ जगभर पसरली होती आणि प्रवासी जहाज म्हणजे तरंगता रोग, असं सगळ्या बंदरांनी ठरवून टाकलं होतं. बंदराच्या आरोग्य कचेरीत तो वरिष्ठ कारकून होता, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. नियम सोपा होता. जहाजानं रोज दुपारी दोनपर्यंत तापाच्या रुग्णांची यादी कळवायची. यादी केबिन-नंबरप्रमाणे यायची, कारण जहाजावर माणूस म्हणजे केबिनच असते. तापाचं प्रमाण शंभरात एकापर्यंत असेल तर जहाज पिवळं: धक्क्याला लागायचं नाही, पण संध्याकाळी सहाला डॉक्टरांची बोट जाणार आणि ज्याची तब्येत गंभीर असेल त्याला किनाऱ्यावर आणणार. शंभरात एकाच्या वर गेलं तर लाल: बोट नाही, माणूस नाही, औषधाचा खोकाही नाही, जहाजानं नांगर उचलून बारा मैल मागं जायचं आणि उद्याच्या यादीची वाट पाहायची. यादीवरून पत्रक बनवायचं काम त्याचं. पत्रकाच्या तळाला तीन रकाने असत: तयार करणार, तपासणार, मंजूर करणार. पहिल्या रकान्यात त्याची सही असे, बारीक, सुबक, कुणाच्या नजरेत न भरणारी. पण पत्र लिहिणाऱ्या बाईच्या नजरेत ती भरली होती, कारण फॅक्सनं गेलेल्या पत्रकाची एकेक प्रत जहाजावर प्रत्येक मजल्याच्या जिन्याशी डकवली होती आणि तिला, केबिनची दारं उघडल्यावर, पुढचे पाच दिवस त्या जिन्याशी उभं राहण्याखेरीज दुसरं काम उरलं नव्हतं.

पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं. त्यानं ते तिथं ठेवलं तेव्हा वाटलं होतं, रोज हात लागेल, म्हणजे रोज आठवण राहील. झालं भलतंच. त्या दोन पानांवरचे शब्द चार वर्षांत त्यानं पाहिले नाहीत. एखादा शब्द अडला आणि तो त्याच पानांवर असण्याची शक्यता दिसली, की तो दुसरा शब्द वापरी. घरी आल्यावर तोंडातला कापूस त्यानं बेसिनमध्ये टाकला, रक्ताकडे बघितलं आणि सरळ जाऊन खंड उघडला. कागद दोन घड्यांचा, अक्षर शाळेत फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं असतं तसं, ओळ न ढळणारं. बाई शिक्षिका होती, निवृत्त. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलानं आईबापांना जहाजाची सहल भेट दिली होती. नवव्या दिवशी साथीची बातमी आली आणि केबिनची दारं बंद झाली. जेवणाचे ट्रे दाराबाहेर ठेवले जात, दार वाजवून ठेवणारा पळून जाई. रोज सकाळी आठला प्रत्येक केबिननं आपापला ताप मोजून फोनवर कळवायचा. 'शेजारच्या केबिनमधले दोघं सपशेल खोटं सांगत होते,' बाईनं लिहिलं होतं. 'गॅलरीतून त्यांनी मलाही तेच सुचवलं. ह्यांना त्या सकाळी शंभर पॉइंट आठ होता. हे म्हणाले, सांगू नकोस, नुसती कणकण आहे, दोन गोळ्या घेतो. मी म्हटलं, आयुष्यभर मुलांना काय शिकवलं मग? आणि फोन उचलून सांगितलं. संध्याकाळी कप्तानानं भोंग्यावरून जाहीर केलं की आज चौदावा रुग्ण नोंदवला गेल्यामुळे आपलं जहाज लाल झालं आहे, किनाऱ्याची बोट येणार नाही. त्या दिवशी सकाळी ताप कळवणारी मी एकटीच होते. ह्यांना दुपारी खालच्या मजल्यावरच्या वेगळ्या केबिनमध्ये नेलं होतं. तिथं त्यांना श्वास घेता येईना. जहाजावरचे डॉक्टर म्हणाले, बोट आली असती तर किनाऱ्यावर यंत्र होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हे गेले. मला काचेतून दाखवलं.'

मग एक कोरी ओळ सोडून लिहिलं होतं, 'माझा मुलगा म्हणतो, आई, तुला एक दिवस गप्प बसता आलं नाही. तो आता माझ्याकडे येत नाही. सून फोन उचलते आणि ठेवते. मी त्यांना दोष देत नाही. पण मला नक्की कळायला हवं. तुमच्या साहेबांना तीन पत्रं लिहिली, तिन्हीचं उत्तर छापील आलं. तुमची सही पत्रकावर आहे, म्हणून तुम्हाला विचारते. मी त्या सकाळी गप्प बसले असते, तर जहाज पिवळं राहिलं असतं का? बोट आली असती का? मला सांत्वन नको आहे. हो किंवा नाही, एवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.'

छापील उत्तर त्याला पाठ होतं. आपल्या निवेदनाची योग्य ती नोंद घेण्यात आली असून आपल्या दुःखात हे कार्यालय सहभागी आहे. ते वाक्य त्यानंच रचलं होतं, साहेबांनी दोन तासांत मागितलं होतं म्हणून. 'योग्य ती' हे दोन शब्द त्यानं नंतर घातले होते आणि वाक्य त्यामुळे कसं तोलात बसलं याचा त्याला तेव्हा आनंदसुद्धा झाला होता.

खुर्चीत बसून तो पत्राकडे पाहत राहिला. गालाला मुंग्या येऊ लागल्या होत्या. जहाजावर त्या दिवशी तेराशे ब्याऐंशी माणसं होती. तेरापर्यंत पिवळं, चौदाला लाल. हा हिशेब शाळकरी पोरानंही केला असता. यादीत चौदा ओळी होत्या. त्यानं त्या मोजल्या, पत्रक बनवलं, साहेबांनी साडेतीनला सही केली, वायरलेसवाल्यानं पाच वाजता हुकूम जहाजाला पाठवायचा होता. चार वीसला तो यादीची पक्की नक्कल काढत होता. ही त्याची एकट्याची सवय. नियमात नक्कल काढा असं कुठंही नव्हतं, पण फॅक्सचा कागद उडतो, चार महिन्यांत पांढरा पडतो, आणि कागद पांढरा पडणं त्याला सहन होत नसे. तेरावी ओळ: केबिन सहाशे चौदा, आधी आडनाव, मग नाव, जन्मतारीख. चौदावी ओळ: केबिन एकतीस, आधी नाव, मग आडनाव, जन्मतारीख. लिहिता लिहिता हात थांबला. जन्मतारीख तीच होती. त्यानं वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, पट्टी लावून पुन्हा पाहिली. दुपारी वरच्या केबिनमधल्या माणसाला खाली हलवलं होतं, खालच्या नर्सनं त्याला नव्या केबिनच्या नंबरावर लिहिलं होतं आणि वरची ओळ कुणी खोडली नव्हती. माणूस एकच होता. रुग्ण तेरा होते. जहाज पिवळं होतं.

पाच वाजायला चाळीस मिनिटं होती. सही झालेल्या पत्रकात दुरुस्ती करायची तर समासात साहेबांची छोटी सही लागे आणि तिच्याखाली ज्यानं चूक काढली त्याची. एवढंच. दहा पावलांवर साहेबांची खोली. तो कागद घेऊन उठला, दारापर्यंत गेला. आत साहेब फोनवर होते, वायरलेसवाला टेबलाच्या कडेवर टेकून बसला होता, दोघांच्याही दाढ्या वाढलेल्या; वीस दिवस साहेब त्याच खोलीत झोपत होते, हे कबूल करायला हवं. त्याला पाहून साहेबांनी फोनवर हात ठेवला.

"या या, स्वल्पविराम! आज कुठं थांबायचंय?"

वायरलेसवाला हसला. "साहेब, परवा यांनी हुकूम पाऊण तास अडवला होता. कशासाठी, माहितेय? 'प्रवाशी' लिहिलं होतं म्हणे, 'प्रवासी' पाहिजे."

"अहो, मला जहाजाचा ताप बघायचाय की शब्दांचा?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज प्रेमळच होता, थकलेला. "बोला, काय चुकलंय? काना की मात्रा?"

तो म्हणाला, "नाही, ते, यादीत एक..." आणि थांबला. दोघं त्याच्याकडे बघत होते. फोनच्या आतून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. त्याच्या हातातला कागद थरथरत होता. कागद इतका थरथरतो हे लोकांना दिसणार, याचीच त्याला त्या क्षणी सगळ्यात जास्त लाज वाटली. "सही झालीय ना," तो म्हणाला, "तेवढंच बघायला आलो."

"झालीय हो बाबा, झालीय. जा, चहा घ्या."

आणि तो गेला. चहा घेतला.

इथपर्यंत तो नेहमी येत असे. चार वर्षांत शेकडो वेळा आला होता. दारातला आपण, थरथरणारा कागद, हसणारे दोघं, आणि एक भित्रा, बुजरा, बिचारा माणूस. भित्रेपणाची त्याला सवय होती, त्यात बसायला ऐसपैस जागा होती. पण आज भूल उतरत होती, दाढेच्या रिकाम्या खड्ड्यात जीभ सारखी जात होती आणि तिच्याबरोबर तोही पुढं गेला. चहा घेताना काय वाटलं होतं? घाबरल्यासारखं वाटलं होतं, हे खरं. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं, गोड. साहेबांनी चुकीच्या पत्रकावर सही केली होती. बत्तीस वर्षं सगळ्या खात्यानं ज्याच्या काना-मात्रांची टिंगल केली, त्याच्याजवळ आता साहेबांची एक खरी, धडधडीत चूक होती, आणि ती कुणालाही माहीत नव्हती. उद्या संध्याकाळी आढावा बैठक होती, वरचे लोक येणार होते. उद्या सगळ्यांसमोर हळूच कागद पुढं करायचा. 'साहेब, कालच्या यादीत एक ओळ दोनदा आली होती.' एवढंच म्हणायचं. वाक्य पूर्ण करायचं, मध्ये थांबायचं नाही. चहाचा कप हातात घेऊन, खिडकीबाहेर बघत, त्यानं ते वाक्य चार-पाच वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. खिडकीतून ते जहाज दिसत होतं. बरोबर पाचला ते हळूहळू वळू लागलं. एका गॅलरीतून कुणीतरी पांढरी चादर हलवत होतं. चादर छान हलत होती, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत बावीस नावं आली, सगळी वेगवेगळी. जहाज कायद्यानं लाल झालं आणि कालच्या दिवसाला कुणी हात लावण्याचं कारण उरलं नाही. यादीच्या खाली वेगळी ओळ होती: मृत एक, केबिन एकतीस. त्यानं पक्की नक्कल काढली. बैठकीत तो गप्प बसला. साहेबांनी मध्येच वळून विचारलं, "काय हो, आज काहीच चुकलेलं दिसत नाही?" सगळे हसले. तोही हसला.

"काय हो, उघडलंत वाटतं ते पत्र?" बायको दारात उभी होती, हातात मऊ भाताची वाटी. "दाढ काढली की अक्कल येते की काय माणसाला?"

त्यानं कागद झाकला नाही. तिनं ते पत्र आलं त्याच दिवशी वाचलं होतं. तिला एवढंच माहीत होतं, की यादी आली आणि नवऱ्यानं मोजली. बाकीचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तिला उत्तर लिहितोय," तो म्हणाला. शब्द गालात अडकत होते.

"चार वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय. दोन ओळी लिहा, दोन ओळी लिहा. तुमच्या दोन ओळी म्हणजे काय, घरच बांधायचं असतं!" तिनं वाटी टेबलावर ठेवली. "जगली असेल तर उपकार समजा."

"काय लिहू?"

"अहो, काय लिहू काय? तुमची चूक नव्हती, असं लिहा. बाई, तुम्ही बोलला असतात काय, गप्प राहिला असतात काय, ते तुमच्या हातात नव्हतं. संपलं."

"ते खरं आहे की नाही, हे बघायला नको?"

"खोटं असलं तरी लिहा!" ती म्हणाली. "त्या बाईचं पोर तिला तोंड दाखवत नाही. आणि हा माणूस खरं-खोटं तोलत बसलाय. एक खोटं बोललात तर काय जीभ झडेल तुमची? नाहीतरी आज अर्धी बधिरच आहे."

ती गेली. तो वाटीतल्या भाताकडे बघत राहिला. जे खोटं सांगायला बायको सुचवत होती, ते खरं होतं. बाईनं फोन केला तरीही रुग्ण तेराच होते आणि बोट आली असती. हे सांगायला त्याला खोट्याची गरजच नव्हती. त्याला हसू आलं, आणि हसताना दुखलं.

त्यानं लिहायला घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे लिहिणं आलं. पहिल्यांदाच न थांबता त्यानं चार पानं लिहिली. यादी, जन्मतारीख, चार वीसची वेळ, दार, दोघांचं हसणं, चहा, चादर, सगळं. तुमचा फोन तेरावा होता, चौदावा मी केला, असं त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर त्याच्या पाठीला घाम आला होता आणि त्याला जवळजवळ उत्साह वाटत होता. तीन वाजले होते. कोपऱ्यावरची पेटी पाचला उघडत. त्यानं चष्मा पुसला आणि, लिहिलेलं पुन्हा वाचायचं ही जन्माची खोड, म्हणून वाचायला घेतलं.

पहिल्या पानावर 'मी' हा शब्द एकोणीस वेळा आला होता. हे बरं दिसेना. नवरा तिचा गेला आणि पत्रभर हा माणूस आपल्याच छातीवर हात ठेवून उभा. त्यानं चहा काढला. चहाबरोबर वाटलेला गोडवा काढला. ते खरं असलं तरी त्याचा त्या बाईला काय उपयोग? चादरही काढली. ती कुणी हलवत होतं ते माहीत नव्हतं, आणि तिनंच हलवली असली तर? मग साहेबांकडे आला. साहेब दोन वर्षांपूर्वी गेले होते. मेलेल्या माणसाच्या थट्टेवर आपली चूक टेकवून ठेवायची, आणि त्याला उत्तर देता येत नाही हे माहीत असताना, हे कुठल्याही सभ्य माणसाला शोभलं नसतं. त्यानं दारातला सगळा प्रसंग काढला. आता उरलं दीड पान, आणि ते कितीतरी स्वच्छ दिसत होतं. त्यानं ते नव्या कागदावर उतरवलं.

उतरवताना लक्षात आलं की दार गेल्यावर चार वीसच्या वेळेला काही अर्थ राहिला नाही. चूक दिसली आणि काही केलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि का केलं नाही हे तर आता पत्रात नाही. अर्धवट सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट. शिवाय तो मुलगा. तो चिडका दिसतो. हा कागद घेऊन तो खात्यात जाईल, चौकशी लागेल, बाईला या वयात साक्षीला उभं करतील, तिला पुन्हा ती काच दाखवतील. तिनं ते मागितलं होतं का? नव्हतं. त्यानं जन्मतारखेचा परिच्छेद काढला, आणि मग दोन केबिनींचाही, कारण जन्मतारखेशिवाय तो कळत नव्हता. नवऱ्याला कुणीतरी दोन ओळींत लिहिलं, मेला मात्र एकदाच, हे वाचून बाईला काय वाटेल, हा विचार त्याला खरोखर अस्वस्थ करून गेला. आपण तिचा विचार करतो आहोत, या जाणिवेनं त्याचे डोळेसुद्धा ओलावले. सव्वाचार झाले होते.

आता कागदावर पाच-सहा ओळी उरल्या होत्या. उशिराबद्दल क्षमा मागणारी एक. ती त्यानं आधी खोडली, कारण चार वर्षांनी क्षमा मागणं म्हणजे समोरच्यावर आणखी एक काम लादणं. मग होती ती ओळ, जी बायकोनं सांगितली होती आणि जी खरी होती. तुमची काहीही चूक नव्हती. तिच्यावर त्याची लेखणी बराच वेळ अडून राहिली. वर काहीच नसताना ती एकटीच उभी होती, शोकसभेत कुणीतरी सवयीनं म्हणावं तशी. का चूक नव्हती, हे आता कागदावर कुठंच नव्हतं. त्याला ते छापील वाक्य आठवलं, आपल्या दुःखात हे कार्यालय सहभागी आहे, आणि अंगावर काटा आला. बाईनं स्वच्छ लिहिलं होतं, मला सांत्वन नको आहे. ती मास्तरीण होती, तिला शब्दांची किंमत कळत होती. सगळं जग तिला गुळमुळीत बोलत असताना निदान एका माणसानं तिच्या प्रश्नाचा मान राखायला हवा होता. तिनं काय विचारलं होतं? मी गप्प बसले असते, तर बोट आली असती का? ती गप्प बसली असती, तर तेरावी ओळही नसती आणि चौदावीही नसती. बारा राहिले असते. बारा म्हणजे पिवळं. बोट आली असती. याच्यात कुठं खोट होती? त्यानं तीनदा तपासलं. कुठंही नव्हती. त्यानं ती ओळ खोडली.

नवा कागद घेऊन त्यानं वर तारीख घातली, बाईंना सप्रेम नमस्कार लिहिला, खाली मधोमध एक शब्द लिहिला आणि त्याच्याखाली तीच बारीक, सुबक सही केली. होय. कागदाकडे त्यानं लांबून पाहिलं. आयुष्यात इतकं नेमकं आपण काही लिहिलं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि या वेळी स्वतःची शंका आली नाही. बाकीचे कागद त्यानं फाडले, आधी आडवे, मग उभे, आणि भाताच्या वाटीखाली ठेवले. भात तसाच होता.

"लिहिलंत?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"लिहिलं."

"चूक नव्हती म्हणून घातलंत ना?"

"तिनं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर दिलंय," तो म्हणाला. वाक्य पूर्ण झालं.

"चला, देव पावला," ती म्हणाली. "आज रात्री ती बाई सुखानं झोपेल हो. जा, पाच वाजतायत, पेटी चुकेल."

तो चपला घालून निघाला. उन्हं कलली होती, रस्त्यावर शाळेतून सुटलेली मुलं होती, त्यांच्यामधून वाट काढत तो घाईघाईनं चालला. पेटीपाशी पोस्टमन उकिडवा बसून किल्ल्यांच्या जुडग्यातली किल्ली शोधत होता. "टाका, टाका आजोबा," तो म्हणाला, "वेळेवर आलात." आणि पाकीट हातात घेऊन, वर-खाली करून, हसला. "आत काही घातलंय ना? काहीच वजन नाही याला."

"घातलंय," तो म्हणाला, आणि पोस्टमनच्या हातातून पाकीट परत घेऊन ते त्यानं स्वतःच फटीतून आत सोडलं.